मदत हवी आहे: वडिलांचा संगीतसंग्रह नव्या कपाटात कोणत्या क्रमाने लावावा?

गोदाकाठ:
नमस्कार. वडिलांनी आयुष्यभर जमवलेला संगीताचा संग्रह पंचवटीतील जुन्या वाड्यातून इंदिरानगरच्या सदनिकेत आणायचा आहे आणि सुताराला कपाटाची मापे याच आठवड्यात द्यायची आहेत. गायकांच्या नावाने लावावा, रागांनुसार लावावा की साल पाहून, यावर घरात एकमत होत नाही. सगळे मोबाइलवर ऐकता येत असताना एवढी जागा अडवूच नये, असे मुलांचे म्हणणे आहे. ते मला मान्य नाही आणि तो प्रश्न मी इथे विचारतही नाही. कृपया नेमके आणि लवकर सांगावे.

मंद्रषड्ज:
संग्रहात काय काय आहे? मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या जुन्या तबकड्या, एलपी (नंतरच्या, जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या तबकड्या), कॅसेट की सीडी? आणि साधारण किती? हे कळल्याशिवाय मापे सांगणे म्हणजे अंदाजपंचे होईल.

गंगापूररोडकर:
रेकॉर्ड प्लेअर घेताना सुटकेससारखे दिसणारे स्वस्त यंत्र कृपया घेऊ नका, कारण त्यातील सुईचा दाब बहुधा जास्त असतो आणि तो कमी-जास्त करण्याची सोय नसते. शिवाय ७८ च्या तबकड्यांची खाच रुंद असल्याने त्यांना वेगळी, जाड टोकाची सुई लागते. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी जाते आणि खरखरच अधिक ऐकू येते.

गोदाकाठ:
प्लेअर आहे आणि उत्तम चालतो. एलपी अडीचशेच्या आसपास, ७८ च्या शंभरेक आणि कॅसेटींची तीन-चार खोकी आहेत. प्रश्न क्रमाचा आहे.

दाखलक्रमांक:
मी ग्रंथालयात काम केले आहे, त्यामुळे माझे मत स्पष्ट आहे. फळीवर रागानुसार लावू नका. एलपीच्या एका बाजूला एक राग आणि दुसऱ्या बाजूला भलताच राग असतो, मग ती तबकडी कोणत्या खणात ठेवणार? प्रत्येक प्रकाराला (७८, एलपी, कॅसेट) स्वतंत्र अक्षर द्यावे, प्रत्येक नगाला चालू क्रमांक द्यावा, फळीवर केवळ त्या क्रमाने लावावे आणि गायक, राग, साथीदार, साल ही सारी माहिती संगणकावरील तक्त्यात भरावी. तक्ता हवा तसा फिरवता येतो, कपाट फिरवता येत नाही. एलपीवर छापलेला कंपनीचा क्रमांकही नोंदवावा, कारण एकच गाणे अनेक आवृत्त्यांतून निघते. आपला क्रमांक मात्र मूळ वेष्टणावर चिकटवू नये, बाहेरच्या प्लास्टिकच्या पिशवीवर लिहावा.

रसिकराज:
तीव्र असहमती. क्रमांकाने लावलेला संग्रह हे गोदाम झाले! माझ्याकडे ग्वाल्हेर, आग्रा, किराणा, जयपूर असे गायकीच्या घराण्यांचे खण आहेत. संध्याकाळी किराण्याच्या खणात हात घातला की एका गायकाकडून दुसऱ्याकडे आपोआप जाता येते, आणि हे सुख कोणताही तक्ता देणार नाही.

दाखलक्रमांक:
मग कुमार गंधर्वांना कोणत्या खणात ठेवता? ग्वाल्हेर परंपरेतल्या बी. आर. देवधरांकडे शिकले म्हणून ग्वाल्हेरमध्ये? आणि भीमसेन जोशींचे अभंग किराण्यात की भक्तिसंगीतात? आपल्या नाशकात जन्मलेल्या गायक द. वि. पलुसकरांचेच पाहा. ते १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले, त्यामुळे त्यांचे गाणे मुळात ७८ च्या तबकड्यांवर तीन-साडेतीन मिनिटांच्या मुद्रणांत आहे आणि पुढे त्याचे एलपीवर संकलन झाले. दहा इंची तबकडी आणि बारा इंची एलपी शेजारी ठेवता येत नाहीत. त्यांना एकत्र आणण्याचे काम तक्ताच करतो.

रसिकराज:
कुमारांचा खण मी स्वतंत्र ठेवला आहे आणि तोच योग्य आहे.

सातपूरकर:
जे ऑनलाइन मिळते ते सरळ विकावे आणि जे मिळत नाही तेवढेच ठेवावे. निम्मे कपाट वाचेल.

मंद्रषड्ज:
ऑनलाइन मिळते म्हणजे काय मिळते, हेही पाहावे. अनेकदा तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण याचा उल्लेखच नसतो. तो वेष्टणाच्या मागच्या बाजूला छापलेला असतो. शिवाय हक्कांचा करार संपला की गाणे यादीतून निघून जाते. धागाकर्त्यांनी विकण्याविषयी विचारलेले नाही, त्यामुळे हे इथेच थांबवू. गोदाकाठ, कॅसेटी बाजारातल्या आहेत ना?

गोदाकाठ:
निम्म्या बाजारातल्या. उरलेल्यांत वडिलांनी घरगुती बैठकींत स्वतः केलेले ध्वनिमुद्रण आहे आणि वर पेन्सिलने राग व तारीख लिहिली आहे. याचा कपाटाशी काय संबंध?

मंद्रषड्ज:
फार जवळचा संबंध आहे. बाजारातली एलपी पुन्हा मिळू शकते. या कॅसेटींची दुसरी प्रत जगात कुठेही नसणार. म्हणून कपाट होण्याआधी त्या खोक्यातून वेगळ्या काढा, त्यांना स्वतंत्र अक्षर द्या आणि त्यांचेच डिजिटल रूपांतर सर्वांत आधी करा. कॅसेटच्या उघड्या कडेला मधोमध, पातळ धातुपट्टीवर, बारीक नमद्याचा तुकडा चिकटवलेला असतो. गोंद वाळून तो गळून पडतो, मग टेप डेकच्या हेडला (आवाज वाचणाऱ्या भागाला) नीट टेकत नाही आणि आवाज दबतो. तेव्हा टेप गेली असे समजून ती फेकू नका. तो तुकडा जागेवर आहे ना, ते प्रत्येक कॅसेटमध्ये पाहा. मागच्या कडेचे दोन्ही चौकोनी दात मोडून टाका, म्हणजे चुकून वर दुसरे काही मुद्रित होणार नाही. वाजवण्यापूर्वी टेप एकदा टोकापर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळा. ९६ किलोहर्ट्झ आणि २४ बिटने मुद्रण केल्यास तासाला सुमारे २ जीबी जागा लागते. मूळ डिजिटल प्रतीतील खरखर काढू नका आणि दोन वेगळ्या ड्राइव्हवर प्रती ठेवा. पेन्सिलच्या नोंदींचे छायाचित्र आजच घ्या.

दाखलक्रमांक:
याला माझा पूर्ण दुजोरा आहे. आता मापे. एलपीच्या खणाची आतली उंची आणि खोली प्रत्येकी ३४ सेंटिमीटर ठेवा, दर ३० सेंटिमीटरवर उभी फळी द्या आणि सर्व तबकड्या उभ्याच ठेवा. आडव्या रचल्यास खालच्या वाकतात आणि लाखेच्या तडकतात. अडीचशे एलपी पन्नास-साठ किलोंच्या घरात जातात, म्हणून फळी जाड प्लायची आणि पक्की बसवलेली हवी. कॅसेटच्या डब्या उभ्या ठेवायला १२ सेंटिमीटर उंची आणि ८ सेंटिमीटर खोली पुरते. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका. आणि लाखेच्या तबकड्या स्पिरिटने कधीही पुसू नका, लाख त्यात विरघळते.

रसिकराज:
निदान नाट्यसंगीताला तरी वेगळा खण द्यावा, ही विनंती.

गोदाकाठ:
नाट्यसंगीताचा खण आईनेही मागितला आहे, त्यामुळे तेवढा वेगळा ठेवतो. बाकी सर्व क्रमांकाने. सुताराला मापे कळवली. आता घरचा कॅसेट डेक फिरत नाही, बहुधा पट्टा सैल झाला आहे. नाशकात हे काम नीट करणारे कोणी माहीत असल्यास कृपया व्यक्तिगत निरोपात कळवावे.

गंगापूररोडकर:
पट्टा बदलून घेताना टेप दाबून पुढे ओढणारे रबराचे दाबचाकही पाहायला सांगा. ते कडक झाले असेल तर नवा पट्टा बसवूनही वेग डळमळतो आणि तंबोऱ्याचा स्वर हलतो.