सरकारी वकिली, मग स्वतःची प्रॅक्टिस, आता कामगार भरपाई: कोणी केलंय का असं?

किल्लाकोर्ट_जुना
मंडळी, सल्ला हवाय. मी मुंबईत मॅजिस्ट्रेट कोर्टात एपीपी (सहायक सरकारी वकील) होतो, मग राजीनामा देऊन स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली, जामीन, चेक बाऊन्स, येईल ते मॅटर. आमच्या चाळीतल्या एका काकूंचा ३० वर्षांचा मुलगा गोरेगावला साईटवर परांचीवरून पडून गेला आणि कॉन्ट्रॅक्टर तेराव्याच्या आत घरी येऊन पन्नास हजार रोख देऊन, "आता काही मागणं नाही" अशा कागदावर सही घेऊन गेला. ती केस घेतली आणि तेव्हापासून हेच काम करावं असं वाटतंय. घरचे म्हणतात तिसऱ्यांदा लाईन बदलतोयस, कोर्टातले मित्र म्हणतात त्यात पैसा नाही.

वांद्रे_लेबरकोर्ट
सर, आधी त्या सहीचं बोलते. १९२३ चा कर्मचारी भरपाई कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता, त्याआधीच्या अपघाताला तोच धरायचा; मृत्यू झाला असेल तर त्याच्या कलम ८ प्रमाणे रक्कम भरपाईचे दावे ऐकणाऱ्या कमिशनरकडेच जमा करावी लागते, वारसांच्या हातात परस्पर दिलेले पैसे भरपाई धरत नाहीत, आणि हक्क सोडल्याचा कागद कलम १७ खाली रद्दच, तेव्हा काकूंना सांगा घाबरू नका. हिशोब बघा, पगार जास्त असला तरी महिना १५,००० च धरतात, त्याचे निम्मे ७,५००, गुणिले ३० वयासाठी कायद्याच्या तक्त्यात दिलेला फॅक्टर २०७.९८, म्हणजे १५,५९,८५०. महिन्याभरात भरले नाहीत तर १२ टक्के व्याज, आणि विनाकारण अडवलं तर ५० टक्क्यांपर्यंत दंड वेगळा. आणि ते पन्नास हजारात मिटवायला आले होते! बिल्डरलाही केसमध्ये पार्टी करा, कॉन्ट्रॅक्टरला काम देणारा मूळ मालकही जबाबदार, कलम १२ आहे. फक्त मुलगा ईएसआयमध्ये (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) होता का ते आधी तपासा, असेल तर इथे अर्ज चालत नाही, तिकडे जावं लागतं.

आणि लाईन बदलली असं मला अजिबात वाटत नाही. इथे मालकाचा पहिला बचाव ठरलेला, "हा आमचा माणूसच नव्हता". हजेरी नाही, पगार रोखीत, मग हातात उरतं काय तर पोलिसांचा एडीआर (अपघाती मृत्यूची नोंद), घटनास्थळाचा पंचनामा, पीएम (शवविच्छेदन) रिपोर्ट आणि मुकादमाचा जबाब. हे कागद तुम्ही सरकारी वकील म्हणून रोज वाचलेत, आणि उलटतपासात समोरचा वकील काय करणार ते प्रायव्हेटला स्वतः करून शिकलात. आमच्याकडे कित्येकांना पंचनामा नीट वाचता येत नाही हो, त्यात केस जाते.

साकीनाका_लेक
मी वकील नाही. माझ्या बाबांचा हात एका गाळ्यात पॉवर प्रेसमध्ये गेला. डॉक्टरांनी सर्टिफिकेटवर अपंगत्वाची टक्केवारी कमी लिहिली होती आणि इन्शुरन्सवाले तेवढंच धरून बसले. आमच्या वकिलांनी सुप्रीम कोर्टाचा १९७६ चा निकाल दाखवला, एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता, एका हातानं सुतारकाम होत नाही म्हणून त्याची कमाई १०० टक्के बुडाली असं कोर्टानं मानलं होतं. डॉक्टरांची उलटतपासणी त्यांनी इतक्या शांतपणे घेतली की डॉक्टर स्वतःच म्हणाले, हा माणूस परत प्रेस चालवू शकणार नाही. बाबा त्या दिवशी पहिल्यांदा ताठ बसले होते. तुम्ही या कामात या, प्लीज.

दादर_डगला
पैशाचं खरं सांगतो, सुरुवातीला चेक बाऊन्स सोडू नका, घर त्यावर चालेल. आणि निकालावर टक्केवारी ठरवू नका, बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, शिवाय आलेला पैसा त्या बाईंचा आहे. फी आधीच ठरवून घ्या, हप्त्यानं घ्या. काम मिळत राहतं, साईटवरची माणसंच एकमेकांना नंबर देतात.

किल्लाकोर्ट_जुना
खूप आभार सगळ्यांचे. ईएसआय नव्हता, विचारून घेतलंय. एडीआरची कॉपी मिळाली, त्यात मुकादमाचा जबाब आहे पण तो आता गावी निघून गेलाय, फोन उचलत नाही. समन्स निघेल का?

वांद्रे_लेबरकोर्ट
निघेल. साक्षीदार बोलवायचे दिवाणी कोर्टाचे अधिकार कमिशनरला कलम २३ नं आहेत. जबाबावर गावचा पत्ता असेल तोच टाका, आणि तपास करणाऱ्या हवालदारालाही त्याच अर्जात मागा.