ज्वालामुखीत खदखद दिसली की मोठा उद्रेक ठरलेलाच, असं का धरता?

राजारामपुरीचा_भूगोल:
गल्लीच्या ग्रुपवर परत तो व्हिडिओ फिरतोय, इटलीत नेपल्सजवळचा कांपी फ्लेग्रेई ज्वालामुखी आता कधीही फुटणार आणि अर्धा युरोप राखेखाली जाणार म्हणून. खाली सगळ्यांनी हात जोडलेत. मी शाळेत भूगोल शिकवतो म्हणून स्पष्ट लिहितो. तिथं २००५ पासून जमीन हळूहळू वर येतेय आणि २०२५ मध्ये ४.६ चे धक्के बसले, हे खरं आहे. पण त्यावरून मोठा उद्रेक येणारच असं म्हणता येत नाही.
तिथंच पोझ्झुओली गावात १९८२ ते १९८४ या काळात जमीन जवळजवळ १.८ मीटर उचलली गेली, बंदराचा तळ इतका वर आला की बोटी धक्क्याला लागेनात, ४० हजारांच्या आसपास माणसं हलवली, आणि उद्रेक झालाच नाही. शेवटचा झाला तो १५३८ साली आणि तोही लहान. गावात जुन्या रोमन बाजाराचे तीन खांब उभे आहेत, त्यांच्यावर माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर समुद्री शिंपल्यांनी पोखरलेली भोकं दिसतात, म्हणजे ती जागा मधल्या काळात समुद्रात बुडाली आणि परत वर आली. ही जमीन वर-खाली होतच असते. मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला दगड, खालून निघतो पण बऱ्याचदा वाटेतच अडकून थंड होतो, कधी तर नुसता गरम पाण्याचा आणि वायूचा दाबच जमीन फुगवतो.
१९७६ ला कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर ला सूफ्रिएर ज्वालामुखी खदखदला, ७० हजारांहून जास्त लोक कित्येक महिने घराबाहेर, शास्त्रज्ञ एकमेकांवर तुटून पडले, शेवटी निघाली नुसती वाफ आणि जुनी राख. असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा लोक ऐकत नाहीत. माझा राग त्यावर आहे.

शुक्रवार_पेठ_काठ:
सर, लोक ऐकत न्हाईत म्हणून सांगायचंच बंद करायचं काय? आपल्याच कोल्हापूरचं बघा की. २०१९ ला पंचगंगेनं ४३ फुटाची धोका पातळी ओलांडली तरी कितीतरी घरं म्हणत होती की २००५ ला पाणी इथपर्यंतच आलेलं, आता काय त्याच्यावर जातंय. पाणी त्याच्यावर गेलं आणि माणसं माडीवर अडकली. आमच्या घरातली पण होती. मागच्या वेळी झालं न्हाई हा हिशोब लई घातक असतोय.
आणि 'मोठा उद्रेक' कशाला पाहिजे? कोलंबियात नेवादो देल रुईझ ज्वालामुखी १९८४ च्या शेवटापासून कुरकुरत होता, धोक्याचा नकाशा पण तयार होता, १३ नोव्हेंबर १९८५ ला फुटला आणि तोसुद्धा तसा लहानच. पण डोंगरावरचा बर्फ वितळला, चिखलाचा लोंढा नदीनं खाली आला आणि साधारण अडीच तासांनी आर्मेरो गावात शिरला. २३ हजारांच्या आसपास माणसं गेली हो. अडीच तासात चालत टेकडीवर जाता आलं असतं!

राजारामपुरीचा_भूगोल:
आर्मेरोचं दुःख मला पण आहे, आणि तिथं चूक खदखद समजण्यात नव्हती, निरोप पोचवून गाव हलवण्यात होती. पण पुराचं उदाहरण इथं बसत नाही. राधानगरीचे दरवाजे उघडले की पाणी किती सुटलं ते आपल्याला कळतं, ते साधारण कधी पोचणार तेही कळतं. जमिनीखाली कुठलं धरण आणि कुठला दरवाजा? तिथं धक्के मोजतात, वायू मोजतात, जमीन किती फुगली ते उपग्रहावरून बघतात, आणि तरी शेवटचा अंदाज शक्यतेचाच असतो.

कळंबा_कट्टा:
मधेच विचारतो, आपला जोतिबाचा डोंगर पण ज्वालामुखीच हाय म्हणत्यात, आणि कोयनेचे धक्के बसत्यात, तर आपल्याला काय भीती?

राजारामपुरीचा_भूगोल:
नाही भावा. आपला काळा दगड साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, तोही जमिनीच्या लांब भेगांतून पसरलेला. आता खाली काही जिवंत नाही. कोयनेचे धक्के धरणाच्या पाण्याशी जोडलेले, ज्वालामुखीशी संबंध नाही. भारतात जिवंत ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट.

उजळाईवाडीची_ताई:
दोघांचं वाचलं, मला एक उदाहरण राहून राहून आठवतंय ते म्हणजे पापुआ न्यू गिनीतलं राबाऊल. तिथं १९८३ ते १९८५ असे धक्क्यांवर धक्के बसत होते, गाव हलवायची तयारी झाली, सराव झाले, आणि काहीच झालं नाही. सर, तुमच्या हिशोबानं ते सगळं फुकट गेलं. पण १९९४ च्या सप्टेंबरात परत धक्के सुरू झाले आणि या वेळी जेमतेम एक दिवसात दोन तोंडं एकदम फुटली. तेवढ्या वेळात बहुतेक गाव आपणहून बाहेर पडलं होतं, कारण म्हाताऱ्यांना १९३७ चा उद्रेक आठवत होता आणि बाकीच्यांना सराव. राखेच्या ओझ्यानं घरं कोसळली पण माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच गेली. मग तो आधीचा सराव वाया गेला असं कसं म्हणायचं?

राजारामपुरीचा_भूगोल:
ताई, राबाऊल मला मान्य, पण ते माझ्याच बाजूचं आहे. १९८३ ला खदखद जास्त आणि उद्रेक नाही, १९९४ ला खदखद एक दिवसाची आणि उद्रेक मोठा. म्हणजे खदखद किती यावरून उद्रेक किती हे ठरत नाही. जपानचा ओंताके २०१४ ला सगळ्यात खालच्या अलर्टवर होता, लोक शनिवारी डोंगर चढायला गेले, ६३ जण मेले किंवा सापडलेच नाहीत. तिथं नुसता वाफेचा स्फोट होता.

शुक्रवार_पेठ_काठ:
मग पिनाटुबोचं काय? फिलिपिन्समधला हा डोंगर ५०० वर्षं गप्प होता. १९९१ च्या एप्रिलमध्ये वाफेचे स्फोट, मे महिन्यात सल्फर डायऑक्साइड दिवसाला ५०० टनांवरून ५ हजार टनांवर, आणि मग अचानक वायू कमी झाला. आपल्यासारखा माणूस म्हणाला असता, बरं झालं, थंड पडलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी ओळखलं की नळी बुजली आणि आत दाब साठतोय. १० जूनला अमेरिकेचा क्लार्क हवाई तळ रिकामा केला, १५ जूनला विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या उद्रेकांपैकी एक झाला. हजारो जीव वाचले. खदखद वाचता येते सर, वाचणारा पाहिजे.

राजारामपुरीचा_भूगोल:
वाचणारा पाहिजे, अगदी बरोबर. म्हणूनच व्हिडिओवाल्यांनी वाचू नये म्हणतोय. कांपी फ्लेग्रेईवर २०१२ पासून पिवळा अलर्ट आहे, लाल नाही, आणि हे एका पण फॉरवर्डमध्ये लिहिलेलं नसतं.

उजळाईवाडीची_ताई:
समजा तुमची बहीण पोझ्झुओलीत भाड्यानं राहत असती, तर तिला काय सांगितलं असतं?

राजारामपुरीचा_भूगोल:
उद्रेकाची वाट बघू नको, आधी घर तपासून घे. १९८३ ला तिथं माणसं हलवली ती लाव्हामुळं नाही, धक्क्यांनी घरांना तडे गेले म्हणून. धक्के कमी खोलीवर होतात, त्यामुळं ४ चा धक्का पण भिंत पाडतो. पिशवी भरून ठेव, बाहेर पडायचा रस्ता बघून ठेव, आणि कामाला जा.

शुक्रवार_पेठ_काठ:
मी तर तिला तसंच कोल्हापूरला बोलवून घेतलं असतं, भाडं बुडलं तरी चालंल.