मदत हवी आहे : आईच्या दाढेच्या ब्रिजसाठी झिरकोनिया की मेटल-सिरॅमिक?

आईचं वय ६४. खालची डावी पहिली मोठी दाढ काढावी लागली, आता शेजारच्या दोन दातांचा आधार घेऊन तीन दातांचा ब्रिज (एकमेकांना जोडलेले नकली दात) बसवायचाय. डॉक्टरांनी दोन पर्याय दिलेत, मेटल-सिरॅमिक (आत धातू, वर पोर्सिलेनचा थर) आणि झिरकोनिया (पांढरं, कठीण सिरॅमिक, आत धातू नाही). झिरकोनिया बराच महाग आहे.

उजवीकडे तिला आधीच मेटल-सिरॅमिकची कॅप आहे. गेल्या दिवाळीत चकली खाताना तिचा टवका उडाला. आईने तो कुंकवाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवलाय, नखाएवढा पांढरा तुकडा! कॅपमधून आता आतला काळपट धातू दिसतो आणि जीभ सारखी तिथेच जाते म्हणते. शिवाय ती झोपेत दात खाते. नकली दागिन्यांनी तिच्या मनगटावर चट्टे उठतात, त्यामुळे धातूत निकेल असेल तर काय, ही धास्ती आहेच. हे डॉक्टरांना सांगायचं राहिलं, सोमवारी सांगणार आहे.

झिरकोनियातही दोन प्रकार असतात असं कळलं : एक अखंड, दुसरा वर पोर्सिलेनचा थर दिलेला. थर असला की तो पुन्हा उडणारच ना? मागची दाढ आहे, दिसण्यापेक्षा टिकणं महत्त्वाचं. पण अखंड झिरकोनियाने समोरचा, वरचा दात झिजतो का? नीट पॉलिश केलं असेल तर झिजत नाही म्हणतात, ते खरं का?

कुणाच्या घरी दात खाणाऱ्या माणसाला असा ब्रिज बसवलाय का? किती वर्षं झाली? रात्री नाइट गार्ड (झोपताना दातांवर बसवायचं संरक्षक कव्हर) लावावा लागतो का? इथे कुणी दंतवैद्य असतील तर कृपया नक्की सांगा.