प्रतिसाद: परीक्षणाच्या आधीची तपासणी

फॉर्म्युला एसएई या, विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांच्या स्पर्धेत अभियंत्यांनी मदत म्हणून स्पर्धेच्या दिवशी येऊन परीक्षण करावे, तेवढे पुरे, असे एक मत इथे मांडले गेले; ते मला अर्धेच पटते. फॉर्म्युला एसएईच्या १००० गुणांपैकी डिझाइनच्या परीक्षणाला १५० गुण असतात आणि तिथे जाणत्या परीक्षकाची गरज आहेच; पण गाडी मैदानात उतरणार की नाही, हे त्याआधीच्या तांत्रिक तपासणीत ठरते.

ही तपासणी मी स्वयंसेवक म्हणून केली आहे. गाडी ६० अंशांत कलंडवून गळती पाहणे, चालक ५ सेकंदांत बाहेर पडतो का ते मोजणे, याची तयारी मुलांनी केलेली असते. अडते ते साध्या नटबोल्टांपाशी. सस्पेन्शनच्या (चाके गाडीशी जोडणाऱ्या भागाच्या) बोल्टचे किमान दोन पूर्ण आटे लॉकनटच्या, म्हणजे आपोआप सैल न होणाऱ्या नटाच्या, बाहेर दिसावे लागतात. एका गाडीत बोल्टचे टोक नटाच्या जेमतेम बरोबरीला आले होते, आणि पुरेशा लांबीचे बोल्ट शोधण्यात त्या संघाची अख्खी सकाळ गेली. दोन महिने आधी कोणी अनुभवी माणूस तासभर त्यांच्या कार्यशाळेत गाडीखाली वाकला असता, तर हे तेव्हाच दिसले असते. अर्थात त्याने पाना हातात घ्यायचा नाही. रचना आणि बांधणी विद्यार्थ्यांचीच हवी, असे नियम सांगतात.