मदत हवी आहे: वृद्धांच्या दिवसभराच्या देखभालीसाठी एखादी योजना आहे का?
आम्ही कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. सासूबाई ७४ वर्षांच्या, स्मृतिभ्रंश आहे. आम्ही दोघंही कामाला जातो, म्हणून सकाळी सोडून संध्याकाळी आणता येईल असं केंद्र हवंय. वृद्धाश्रम नको, त्या आमच्याच घरी राहणार. बीपीएल रेशनकार्ड, आधार, संध्या सुरक्षा (कर्नाटक सरकारची वृद्धांसाठीची) पेन्शन आहे. ७० वर्षांवरच्यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं आयुष्मान भारत योजनेचं ५ लाखांचं विमा संरक्षण पाहिलं. डायलिसिससारखे त्याच दिवशी घरी सोडणारे उपचार त्यात बसतात, देखभाल नाही. महाराष्ट्राने कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना लागू केलेली महात्मा फुले जनआरोग्य योजनाही उपचारांपुरतीच. रोजची देखभाल हीच तर या आजाराची खरी गरज!
बेळगाव परिसरात सरकारी अनुदानावरचं, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण घेणारं, मराठी बोलणारं केंद्र कुणाला माहीत आहे का? प्रवेशाला कोणते कागद लागले?