चपटी पात धुऊन ठेवू नका
पात आणल्या आणल्या धुऊन डब्यात भरा, हा सल्ला कांद्याच्या पोकळ पातीला एकवेळ चालेल. लसणाच्या वासाच्या या चपट्या चायनीज चाइव्ह्जना नाही. पानं एकमेकांना चिकटतात, मधलं पाणी वाळत नाही आणि जुडी आतून बुळबुळीत होते. मग फ्रीजमधल्या दुधालाही तिचाच वास! आधी जुडीचा रबर काढा (सडायला सुरुवात तिथूनच), पिवळी पानं निवडा, कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून झाकणाच्या डब्यात फ्रीजला ठेवा. फडकं ओलसर लागलं की बदला. धुवायची ती चिरायच्या आधी. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये ओट्यावर तर तासाभरातच माना टाकते.

धपाट्यांत ही पात छान लागते हे खरंच, पण मीठ घातलेल्या पिठात आधीपासून मिसळून ठेवू नका. पाणी सुटतं, पीठ सैल पडतं, थापताना धपाटं फाटतं. दोन वाट्या ज्वारीच्या पिठाला मूठभर बारीक चिरलेली पात पुरे, तीही अगदी थापायच्या वेळी. झुणक्यात गॅस बंद करायच्या मिनिटभर आधी टाका. जास्त शिजली की वास उडतो आणि पानं दोऱ्यासारखी चिवट होतात. कळ्यांचे दांडे फेकू नका, तेलात परतून खाता येतात.