कर्नलच्या टेस्टमधल्या फॉरमॅट स्ट्रिंगच्या चुका: दुरुस्त करायच्या की सोडून द्यायच्या?

स्टॅकपॉइंटर:
लिनक्स कर्नलमधल्या केयुनिटमध्ये (कर्नलचा कोड तपासायची टेस्टची चौकट) टेस्ट फसली की प्रिंटएफसारखा मेसेज छापता येतो: मजकुरात %डीसारखी खूण, म्हणजे स्पेसिफायर, आणि तिच्या जागी व्हॅल्यू. पण असर्शनच्या (टेस्टमधली 'हे खरं असायलाच हवं' ही अट) मागच्या फंक्शनवर प्रिंटएफ अ‍ॅट्रिब्यूट (खूण आणि व्हॅल्यूचा टाइप जुळतो का ते बघ, अशी कंपायलरला सूचना) नव्हतं, म्हणून कंपायलर ते मेसेज तपासतच नव्हता. 2024 मध्ये ते लागलं आणि जुन्या चुका वर आल्या. साइझ_टीला (आकार मोजायचा टाइप) चुकीचं %डी, दोन पॉइंटरांच्या वजाबाकीला %टीडीऐवजी भलतंच काही. माझं मत ठाम आहे: प्रत्येक ठिकाणी योग्य स्पेसिफायर लिहा. कास्ट मारून (टाइप जबरदस्तीने बदलून) कंपायलरला गप्प करू नका.

जुना_पॅच:
सहमत नाही. हे मेसेज फक्त टेस्ट फसल्यावर छापले जातात, आणि 64 बिटवर लहान आकडा बहुतेक वेळा बरोबरच दिसतो. एवढ्यासाठी दहा सबसिस्टिमच्या मेंटेनरांचा वेळ घ्यायचा? वर बॅकपोर्ट करताना (पॅच जुन्या आवृत्तीत नेताना) कॉन्फ्लिक्ट येतात ते वेगळेच.

स्टॅकपॉइंटर:
फसल्यावरच छापतात, म्हणून तर जास्त जपायला हवं! ती ओळ रोज चालत नाही, त्यामुळे चूक कुणाला दिसत नाही. आणि ज्या दिवशी चालते त्या दिवशी तेवढाच पुरावा हातात असतो. 32 बिटवर 64 बिटचा आकडा %डीने वाचला तर पुढची सगळी आर्ग्युमेंट सरकतात. पुढे %एस असेल तर कचरा पत्ता वाचला जाऊन कर्नलच कोसळू शकतो. डीआरएम बडीच्या (ग्राफिक्सची मेमरी वाटणारा कर्नलचा भाग) टेस्टमध्ये मेमरीच्या पानाच्या आकाराचा टाइप यू64 (64 बिटचा पूर्णांक) वरून अनसाइन्ड लाँग झाला, पण मेसेजमधलं यू64 साठीचं %एलएलयू तसंच राहिलं. रिव्ह्यूच्या नजरेतून असं सहज सुटतं.

बिटमास्क:
कास्टबद्दल मात्र थोडं थांबा. कर्नलच्या आत यू64 सगळीकडे अनसाइन्ड लाँग लाँग असतो, तिथे तुमचं बरोबर. पण सेल्फटेस्ट (कर्नलच्याच दुसऱ्या प्रकारच्या टेस्ट) युजरस्पेसमध्ये, म्हणजे कर्नलबाहेर साध्या प्रोग्रामसारख्या चालतात. तिथे यूइंट64_टी (यू64चा तिथला भाऊ) 64 बिट एक्स86 वर लाँग आणि 32 बिटवर लाँग लाँग. एकच स्पेसिफायर दोन्हीकडे बसत नाही. कास्ट किंवा पीआरआययू64 मॅक्रो (त्या त्या ठिकाणची योग्य खूण भरणारा) लागतोच.

स्टॅकपॉइंटर:
हे मान्य. युजरस्पेसपुरता कास्ट योग्य.

जुना_पॅच:
32 बिटचा मुद्दा पटला, पॅचच्या गर्दीबद्दलचा आक्षेप कायम. निदान क्रम तरी पाळा: आधी सगळ्या दुरुस्त्या, अ‍ॅट्रिब्यूट सर्वात शेवटी. नाहीतर वॉर्निंगला एरर मानणारी बिल्ड मध्येच मोडते आणि बायसेक्ट करणाऱ्याचे (कुठल्या बदलाने बिघडलं ते अर्धे-अर्धे करून शोधणाऱ्याचे) हाल होतात.